सोडलेल्या सोंगट्यांचाही आकार बघा: ‘गो’ या पटावरच्या खेळाची कोडी सोडवायला लागलेल्यांसाठी

नियम येतात, छोट्या पटावर थोडे डाव जिंकून झालेत, दोन डोळ्यांचा, म्हणजे आत दोन वेगळ्या रिकाम्या जागा राखलेला, गट जगतो हे पाठ आहे. तरीही त्सुमेगो, म्हणजे गट जगवायचं किंवा मारायचं कोडं, समोर आला की दुसऱ्या चालीपुढे काही दिसत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. या टप्प्यावर मी फार रखडले. बडोद्यात समोर बसून शिकवणारं कुणी पटकन सापडत नाही, त्यामुळे हे कळायला आणखी वेळ गेला.

आकाराचं आधी, थोडक्यात. मोकळ्या पटावर सरळ रेषेतल्या तीन सोंगट्यांना 8 लिबर्टी, म्हणजे लागून असलेले रिकामे बिंदू, असतात. त्याच तीन काटकोनात वळवल्या की 7 उरतात. हाच रिकामा त्रिकोण, तो टाळा म्हणतात ते यासाठी. पण कोड्यात आकार फक्त आधी कुठे बघायचं एवढंच सुचवतो. काही कोड्यांचं उत्तर नेमका रिकामा त्रिकोणच असतो. ‘वाईट आकार’ म्हणून चाल बघण्याआधीच फेटाळलीत तर ती कोडी तुम्हाला कधीच सुटणार नाहीत.

खरा सापळा पुढे आहे. अटारी बसली, म्हणजे एकच लिबर्टी उरली, की हात आपोआप सोंगटी सोडवायला जातो. दांडिया बाजारात एक काका राहतात, नोकरीनिमित्त जपानमध्ये असताना गो शिकलेले. ते अशा वेळी माझा हात थांबवायचे आणि एवढंच विचारायचे, “अगं, हिचं काम झालं की राहिलंय?” समोरच्याचे दोन गट जी सोंगटी वेगळे ठेवते तिचं काम चालू असतं, ती सोडू नका. जिचं काम संपलं ती ओढत नेलीत तर आपल्याच लिबर्टी भरत जातात आणि समोरच्याला फुकट अटाऱ्या मिळतात. तांग काळातल्या वांग जीशिनच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या दहा नियमांतही सोंगटी सोडून पुढाकार घ्या, असा एक नियम आहे.

सोडायचं म्हणजे नुसतं दुर्लक्ष करायचं नाही. कडेपासून तिसऱ्या ओळीवर एक सोंगटी अडकली आहे, सुटणार नाही, असं धरा. तशीच टाकली तर समोरचा ती सहज उचलतो. ती मुद्दाम दुसऱ्या ओळीपर्यंत वाढवा. आता दोन जातील, पण त्या कोंडायला त्याला जास्त चाली लागतात. तेवढ्यात तुम्ही दोन्ही बाजूंनी बाहेरून अटाऱ्या देता आणि प्रत्येकीला त्याला उत्तर द्यावंच लागतं. शेवटी त्याच्याकडे दोन कैदी, म्हणजे उचललेल्या सोंगट्या, आणि लिबर्टी संपत आलेला गोळा, तुमच्याकडे बाहेरची भिंत. एकाच्या दोन करून दोन्ही सोडायच्या, ही कल्पना मला बराच काळ पटतच नव्हती. तुम्हालाही पहिल्यांदा पटणार नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

डोळ्यांच्या कोड्यांत याहून बारीक गोष्ट आहे, आणि नवे खेळाडू इथेच सगळ्यात जास्त अडतात. समोरच्याच्या गटात तुम्ही सोंगट्या देता, तेव्हा त्या उचलल्यावर उरणाऱ्या रिकाम्या जागेचा आकार तुम्ही ठरवत असता. तीन दिल्यात तर मधला बिंदू तुमचा, कारण उचलण्यात त्याची चाल गेली. चार सरळ ओळीत दिल्यात तर तो जगला. सरळ चारमध्ये तुम्ही आधी खेळलात तरी त्याला दोन डोळे मिळतात. त्याच चार चौकोनात दिल्यात तर तो मेला, पुढची चाल कुणाचीही असो. सोंगट्या तेवढ्याच, निकाल उलटा. म्हणून आत तिसरी, चौथी टाकण्याआधी त्या सगळ्या पटावरून गेल्या आहेत असं डोळ्यांसमोर आणा.

बरोबर चाल लागेपर्यंत ॲपवर बोटं टेकवत बसू नका. त्याने सवय बिघडते, आणि ही माझी पक्की मतं आहेत. संगणकाचा प्रोग्राम सर्वोत्तम बिंदू दाखवतो, कारण सांगत नाही. उत्तर लगेच सांगणारा गुरूही मला नको वाटतो, “मग पुढे?” एवढंच विचारणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

संख्या थोड्याच लक्षात ठेवा. दुसऱ्या ओळीवर, कोपऱ्यापासून दूर, सलग सहा सोंगट्या मरतात, आठ जगतात, सातांचं ज्याची चाल त्याच्यावर. कोपऱ्यात चार मरतात, सहा जगतात. बाकीचं रोज थोडी सोपी कोडी करून येतं, खरंच येतं.

आणि कोडी पडद्यावर न करता खऱ्या पटावर मांडा, कारण कैदी हाताने उचलल्याशिवाय ती रिकामी जागा नीट दिसत नाही. पट मिळत नसेल तर पुठ्ठ्यावर 9 बाय 9 रेषा आखा आणि मांडवीच्या बाजारातून दोन रंगांची बटणं घ्या. कोपऱ्यातली आणि कडेची बहुतेक सोपी कोडी तेवढ्यात बसतात.