एका गाण्यामागे दोन महिने : स्वतंत्र संगीतकारांनी सोशल मीडियावर गाणं लोकांपर्यंत कसं न्यावं

गाणं तयार करायला चार-सहा महिने सहज जातात. चाल, शब्द, संगतकारांच्या तारखा, स्टुडिओचं भाडं, मिक्सिंग. मग रिलीजच्या दिवशी एक पोस्टर पडतं, खाली 'लिंक बायोमध्ये' असं लिहिलेलं असतं, घरच्यांच्या आणि मित्रांच्या ग्रुपवर लिंक जाते आणि आठवड्याभरात सगळं थंडावतं. मराठीत आज फार चांगली स्वतंत्र गाणी होतायत आणि त्यातली कितीतरी या शेवटच्या टप्प्यावर वाया जातात, याचं मनापासून वाईट वाटतं. माझं सांगणं एवढंच आहे की एका गाण्यामागे किमान दोन महिने उभे राहा. महिनाभर रिलीजच्या आधी, महिनाभर नंतर. ते कसं, हे क्रमाने पाहू. उदाहरणासाठी असं धरू की तुम्ही वारीवर एक नवं गाणं केलंय.

आधी तारीख

देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीहून माउलींची अष्टमीला. आषाढ शुद्ध एकादशीला सगळे पंढरपुरात. लोक वारीचे व्हिडिओ टाकतात ते मुख्यतः या दिवसांत, आणि त्या वेळी तुमचा ऑडिओ त्यांच्या हाताशी असायला हवा. म्हणून गाणं प्रस्थानाच्या दहा-पंधरा दिवस आधी बाहेर यायला पाहिजे. एकादशीच्या सकाळी रिलीज केलेल्या वारीच्या गाण्याला द्वादशीला कोणी शोधत नाही. हाच हिशोब इतरत्र लावा. गणपतीचं गाणं श्रावणात, भीमगीत 14 एप्रिलच्या महिनाभर आधी, लग्नाचं गाणं तुळशीचं लग्न लागण्यापूर्वी. ज्या गाण्याचा सणाशी संबंध नाही, ते गणपती ते दिवाळीच्या गर्दीत घुसवू नका.

डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक आणि इन्स्टाग्रामच्या ऑडिओ लायब्ररीत पोचवणाऱ्या सेवेकडे, फाइल रिलीजच्या तीन-चार आठवडे आधी द्या. निवडताना एक गोष्ट तपासा. काही सेवा वार्षिक वर्गणीवर चालतात आणि वर्गणी थकली की गाणी उतरवतात. ऑडिओ उतरला की त्यावर जमलेले आकडेही हातचे जाऊ शकतात.

हक्कांचा गुंता आधीच सोडवा

वारीच्या गाण्यात अभंग हमखास येतो, आणि गफलत इथेच होते. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. पण आपल्या कानात बसलेली त्या अभंगाची चाल बहुतेक वेळा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते. भारतीय कायद्यानुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे अभंग घ्या, चाल स्वतःची बांधा. कोणाची चाल घ्यायचीच असेल तर परवानगी मिळवा, नाहीतर व्हिडिओवर दावा येईल आणि तुमच्या मेहनतीचे पैसे दुसरीकडे वळतील.

कवी, गायक आणि संगतकारांशी वाटा किती, नाव कुठे, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मैत्रीत हे विचारायला अवघड वाटतं, पण मैत्री टिकवायची तर हे पान हवंच. चाल आणि शब्द तुमचे असतील तर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. 2012 च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क बळकट केला आहे. तो मिळवायचा तर तुमची रचना त्यांच्याकडे नोंदलेली पाहिजे.

डिस्ट्रिब्युटर 'कंटेंट आयडी', म्हणजे तुमचं गाणं कोणाच्या व्हिडिओत वाजलं की ते आपोआप ओळखून दावा लावणारी यूट्यूबची सोय, सुरू करू का, असं विचारतो. सगळं वादन तुमचं असेल तर हो म्हणा, पण स्वतःचं यूट्यूब चॅनल सवलतीच्या यादीत घालून घ्या. तसं केलं नाही तर तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच गाण्याचा दावा लागतो. ठेक्यासाठी बाजारात सगळ्यांना मिळणारा तयार लूप वापरला असेल तर कंटेंट आयडी नको, नाहीतर तोच लूप वापरणाऱ्या इतरांवरही दावे लागतील.

नाव सगळीकडे एकच

आपल्याकडे नाव-आडनाव जुळणारे पुष्कळ. स्पॉटिफायवर दोन सारख्या नावांच्या कलाकारांची गाणी एकाच पानावर जाऊन बसतात, आणि ती वेगळी करायला वेळ जातो. आधी शोधून पाहा. तेच नाव आधीपासून असेल तर मधलं नाव जोडा किंवा गावाचं. रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदा ठरवलं की ते यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि पोस्टरवर अक्षर न बदलता ठेवा. गाण्याचं नाव देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत लिहा. मराठी गाणी शोधणारे कितीतरी लोक रोमन लिपीत टाइप करतात.

इन्स्टाग्रामवर खातं 'क्रिएटर' प्रकारचं ठेवा. 'बिझनेस' खात्याला गाण्यांची लायब्ररी तोकडी मिळते. यूट्यूबवर डिस्ट्रिब्युटरमार्फत 'ऑफिशियल आर्टिस्ट चॅनल' मागा. त्यामुळे आपोआप तयार झालेलं 'टॉपिक' चॅनल आणि तुमचं चॅनल एक होतं, आणि शोधणाऱ्याला सगळी गाणी एका जागी सापडतात. बायोमध्ये तीनच गोष्टी हव्यात. काय गाता, कुठले आहात, कार्यक्रमासाठी संपर्क कुठे.

स्पॉटिफायला गाणं आधी ऐकवा

'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स' मध्ये जाऊन अजून रिलीज न झालेलं गाणं प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे पाठवता येतं. रिलीजच्या किमान 7 दिवस आधी पाठवलं तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये येतं, म्हणून हा टप्पा कधीच चुकवू नका. वर्णनाला 500 अक्षरांची मर्यादा आहे. तिथे 'हृदयाला भिडणारं गाणं' असं लिहून जागा घालवू नका. असं लिहा: 'दिवेघाट चढणाऱ्या वारकऱ्यांच्या पावलांच्या लयीवर बांधलेली चाल. पखवाज आणि टाळ प्रत्यक्ष वाजवून रेकॉर्ड केले. पालखी प्रस्थानाआधी रिलीज.' वाचणाऱ्याला गाणं कुठल्या यादीत बसेल ते लगेच कळतं.

रील : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर लगेचच रील्स भारतात आल्या, आणि नवं गाणं पहिल्यांदा कानावर पडण्याची जागा आता बहुतेकांसाठी रील किंवा शॉर्ट्स हीच आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी 2025 च्या सुरुवातीला सांगितलं होतं की पोहोच ठरवताना तीन गोष्टींना सगळ्यात जास्त महत्त्व असतं. लोक किती वेळ पाहतात, किती जण लाइक करतात आणि किती जण पुढे पाठवतात. तुम्हाला न ओळखणाऱ्यांपर्यंत जायचं असेल तर पुढे पाठवणं विशेष मोलाचं. म्हणून रील काढण्याआधी स्वतःला विचारा: हे कोणी, कोणाला, का पाठवेल? वारीच्या गाण्याच्या रीलमध्ये म्हाताऱ्या आजीचे टाळ वाजवणारे हात असतील, तर ते आईला पाठवणारी पुण्या-मुंबईतली शेकडो मुलं-मुली आहेत.

आता कापायचं कुठे ते पाहू. आपल्या गाण्यांत सुरुवातीला बासरीचा तुकडा असतो, मग ठेका लागतो, मग मुखडा. कार्यक्रमात हे शोभतं. रीलमध्ये बासरी संपेपर्यंत बोट पुढे सरकलेलं असतं. पहिल्याच सेकंदाला आवाज लागला पाहिजे, आणि तोही मुखड्याच्या त्या ओळीवर जिथे चाल वर चढते. गाण्यातली अशी एक जागा संगीतकाराला ठाऊक असतेच, रिहर्सलमध्ये वादक मान वर करतात तीच. तिथून 15 ते 25 सेकंद घ्या आणि ओळीच्या मध्ये तोडू नका. समेवर येऊन थांबलं तर रील पुन्हा सुरू होताना जोड कळत नाही आणि माणूस दुसऱ्यांदा ऐकतो. शब्द पडद्यावर देवनागरीत मोठे दिसू द्या, कारण बस-लोकलमध्ये कितीतरी जण आवाज बंद ठेवून पाहतात. अक्षरं अगदी तळाशी ठेवू नका, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात.

त्याच तुकड्याच्या पाच-सहा वेगळ्या रील करा. एकीत फक्त पेटीवरची बोटं. दुसरीत चाल सुचली तेव्हाचं फोनमधलं कच्चं रेकॉर्डिंग, आणि त्यातूनच पक्क्या गाण्यात उडी. तिसरीत पखवाजवाला ठेका समजावतो. चौथीत तुम्ही कॅमेऱ्याकडे पाहून एका वाक्यात ओळीचा अर्थ सांगता आणि गाऊ लागता. महागडा म्युझिक व्हिडिओ करण्यापेक्षा मी यावर पैसे आणि श्रम घालायला सांगेन, कारण कोणता कोन लोकांना धरतो हे आधी कोणालाच माहीत नसतं. इन्स्टाग्रामवर ज्यांना 'ट्रायल रील' ची सोय मिळते, त्यांनी ती वापरावी. रील आधी तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांनाच दिसते, चालली तर सगळ्यांसाठी खुली करता येते.

रिलीज झाल्यावर मात्र एक काळजी घ्या. रीलला ऑडिओ लावताना गाण्याचा अधिकृत ऑडिओ लायब्ररीतून घ्या, व्हिडिओत मिसळलेला नको. तसं केलं तरच पाहणारा 'ऑडिओ वापरा' दाबून थेट तुमच्या गाण्यावर पोचतो. वादक आणि कवीला 'कोलॅब' चं निमंत्रण पाठवा, म्हणजे तीच रील त्यांच्या फॉलोअर्सनाही दिसते.

माणसांना थेट गाठा

ज्यांच्या व्हिडिओला तुमचं गाणं शोभेल अशा वीस-पंचवीस जणांची यादी करा. वारीत फोटो काढणारे, सह्याद्रीत भटकणारे, गावाकडचं रोजचं जगणं टिपणारे. लाखो फॉलोअर्सवाल्यांकडे तुमचा निरोप वाचायला फुरसत नसते. पाच-दहा हजारवाले उत्तर देतात. निरोप असा पाठवा:

'नमस्कार ताई, दिवेघाटाचा तुमचा मागच्या वर्षीचा व्हिडिओ पाहिला, पावसातल्या पताका फार सुंदर टिपल्यात. मी वारीवर एक गाणं केलंय, 20 सेकंदांचा तुकडा सोबत पाठवतोय. तुमच्या यंदाच्या व्हिडिओला जुळला तर जरूर वापरा, ऑडिओ इन्स्टाग्रामवर आहे. नाही जमलं तरी हरकत नाही.'

त्यांनी वापरलं की धन्यवाद द्या आणि त्यांची रील तुमच्या स्टोरीवर लावा. यूट्यूबवर वापरणाऱ्यांना कंटेंट आयडीचा दावा येऊ शकतो हे आधीच सांगा आणि आला तर तो सोडवून द्या. इथे एकदा विश्वास गेला की ती व्यक्ती पुन्हा तुमचं गाणं लावत नाही.

आपल्या श्रोत्यांची यादी स्वतःकडेही असावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप चॅनल सोयीचं, कारण तिथे संख्येचं बंधन नाही. महिन्यातून दोन-तीनदाच लिहा. प्रत्येक कार्यक्रमात त्याचा क्यूआर कोड स्टेजजवळ छापून ठेवा.

आकडे कसे वाचायचे

व्ह्यूजकडे मी शेवटी बघायला सांगते. शॉर्ट्सच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी सरकवलं हे दिसतं. रीलच्या आलेखात लोक कोणत्या सेकंदाला गळतात ते दिसतं. तिसऱ्या सेकंदाला उतार असेल तर सुरुवात बदला. सेव्ह आणि शेअर चांगले, पण स्पॉटिफायवर ऐकणारे वाढत नाहीत, असं असेल तर गाण्याचं नाव रीलमध्ये नीट सांगितलेलं नाही एवढाच अर्थ. जाहिरातीवर खर्च करायचा असेल तर जी रील आपसूक चालली तिच्यावरच करा, थोड्या पैशांपासून.

आणि स्ट्रीम, म्हणजे गाणं ऐकलं गेल्याचे आकडे, विकणाऱ्यांच्या जवळपासही फिरकू नका. कृत्रिम स्ट्रीमचं प्रमाण ठळक आढळलं तर स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून दंड वसूल करतं, तो तुमच्यावर येतो, आणि गाणं उतरवलंही जाऊ शकतं. खरं तर पैशांचा विचार शांतपणे केला पाहिजे. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाल्याशिवाय त्याचे पैसेच सुरू होत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातीचं उत्पन्न 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात व्हिडिओ पाहिले गेल्याचे 4000 तास, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज, एवढं झाल्यावर. मराठी संगीतकाराचं घर चालतं ते कार्यक्रमांवर, आणि या साऱ्या खटपटीचा उपयोग कार्यक्रम मिळण्यासाठी व्हायला हवा.

रीलमधून स्टेजपर्यंत

प्रत्येक कार्यक्रमाचं चित्रीकरण करा. स्पीकरसमोर धरलेल्या फोनचा आवाज फाटतो, म्हणून साउंडवाल्या दादांना विनंती करून मिक्सरमधून आवाज वेगळा रेकॉर्ड करून घ्या आणि घरी चित्राला जोडा. श्रोते मुखडा तुमच्याबरोबर गातायत असे 30 सेकंद मिळाले, तर ते आयोजकाला तुमच्या दहा पोस्टरपेक्षा जास्त सांगतात.

सातव्या-आठव्या आठवड्यात हे सगळं एका गूगल ड्राइव्ह फोल्डरमध्ये ठेवा. प्रत्यक्ष कार्यक्रमाचे तीन व्हिडिओ, दोन मोठे फोटो, शंभर शब्दांची ओळख, किती वादक येतात आणि किती माइक लागतात याची यादी. गणेशोत्सव मंडळं, दिवाळी पहाटवाले आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळं कलाकार काही महिने आधी ठरवतात, तेव्हा वारी संपली की लगेच फोल्डरची लिंक त्यांना पाठवायला घ्या.