कोरड्या ब्रशचे फॉन्ट वापरताना या चुका टाळा

रंग संपत आलेला ब्रश कागदावरून ओढला की कडा फाटतात, अक्षराच्या पोटात पांढऱ्या रेघा राहतात. तसा परिणाम देणारे फॉन्ट शिवजयंतीच्या बॅनरपासून नाटकाच्या पोस्टरपर्यंत दिसतात. मला ते फार आवडतात, म्हणूनच त्यांची नासाडी बघवत नाही.

सगळ्यात महागात पडते ती अनुस्वाराची चूक. देवनागरीत एक टिंब उडालं की शब्दच बदलतो. माझ्या एका पोस्टरवर 'रंग' होतं. छापून आल्यावर चार पावलांवरून सगळे 'रग' वाचत होते. काम करताना मी स्क्रीनवर अक्षर मोठं करून पाहत होते, म्हणून लक्षातच आलं नाही. आता शीर्षक अंगठ्याएवढं लहान करते आणि मजकूर माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला देते. अनुस्वार, रफार, उकार पुसट वाटले तर अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे बदलता येणारे आकार करून, तेवढ्याच खुणांमधली भोकं बुजवते. बाकीचं अक्षर फाटकंच राहू द्यावं.

दुसरी चूक 'मामा', 'बाबा' अशा शब्दांत उघडी पडते. दोन्ही 'म'वर त्याच जागी तोच ओरखडा दिसला की हाताने लिहिल्याचा भास संपतो. फॉन्टमध्ये पर्यायी अक्षरं, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं, असतील तर ती वापरा. नसतील तर एका 'म'चे ओरखडे थोडे पुसा, थोडे नवे काढा.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. तो तुटकेपणा ब्रशचा वाटत नाही, चुकीचाच वाटतो.

रॉक सॉल्ट किंवा परमनंट मार्करसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. त्यात मराठी टाइप केलं तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं, आणि इंग्रजी नाव रांगडं तर मराठी नाव सरकारी पत्रासारखं दिसतं. अशा वेळी मी यात्रा वन हा फॉन्ट घेते. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवलाय, आणि त्यातली इंग्रजी अक्षरंही देवनागरीच्या ब्रशच्या तिरपेपणाने चालतात. त्यावर खऱ्या कोरड्या ब्रशचा फटकारा स्कॅन करून मास्क म्हणून, म्हणजे अक्षराचा काही भाग झाकणारा थर म्हणून, टाकला की दोन्ही लिप्या एकाच हातच्या वाटतात. ओरखडे कुठे पडू द्यायचे तेही आपल्या ताब्यात राहतं.

फाटक्या अक्षराला सरळ आउटलाइन दिली तर प्रत्येक भोकाभोवती रेघ येते. आधी अक्षराची प्रत काढून तिच्यातली भोकं भरा, ती मागे ठेवा आणि आउटलाइन तिलाच द्या.

व्हिनाइल, म्हणजे चिकटवायची प्लास्टिकची फिल्म, कापून घ्यायचं असेल तर प्लॉटर हे कापायचं यंत्र अक्षराचा प्रत्येक सुटा कण वेगळा कापतं. सोलताना निम्मे कण सुटून येतात, कारागिराचे तास वाया जातात. फाइल पाठवण्याआधी बारीक कण काढून टाका. ओरखडे जसेच्या तसे हवेच असतील तर छापील स्टिकर करून घ्या.