लोखंडी कपाट घरातून सुरक्षित कसे हलवावे

नवे घर बांधून झाले की जुन्या कवेलूच्या घरातील सामान हलवण्याची घाई सुरू होते आणि सर्वांत जास्त अडते ते लोखंडी कपाटापाशी. ०.८ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडाच सव्वासहा किलोच्या आसपास भरतो. साडेसहा फूट कपाटाला असा सात-आठ चौरस मीटर पत्रा सहज लागतो आणि आतील तिजोरी वेगळीच. तरीही खरी अडचण वजनाची नसून तोलाची असते, म्हणून कपाट शक्यतो उचलू नये. ते कलवावे आणि सरकवावे.

सुरुवात मोजपट्टीने करावी. कपाटाची उंची, रुंदी व खोली आणि वाटेतील प्रत्येक चौकट मोजून कागदावर लिहावी. एक माप मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ७८ इंच उंच आणि १९ इंच खोल कपाट पाठीवर आडवे असताना उभे केले, तर मधल्या क्षणी त्याचा वरचा कोपरा जमिनीपासून ८० इंचांहून थोडा वर जातो. तेच ३६ इंच रुंदीच्या बाजूवरून उभे केले, तर जवळपास ८६ इंच जागा लागते. जुन्या घरातील मयाल (छताची आडवी तुळई) किंवा नव्या घरातील पंखा इथेच आडवा येतो. त्यामुळे कपाट नेहमी पाठीवरूनच उभे करावे आणि पंखा आधीच बंद ठेवावा.

त्यानंतर कपाट पूर्ण रिकामे करावे. दागिने आणि सातबारा, पासबुकासारखी कागदपत्रे घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावीत. सुटे होणारे कप्पे काढावेत, दार कुलूपबंद करून किल्ली खिशात ठेवावी आणि आरशावर गोधडी टाकून ती दोराने आवळावी. वर्षानुवर्षे न हललेल्या कपाटामागे विंचू असण्याची शक्यता धरून, हात घालण्यापूर्वी टॉर्च मारून पाहावे.

काम सकाळी लवकर उरकावे, कारण विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात अंगणात ठेवलेला पत्रा हाताला चटका देतो. चार माणसे पुरतात, पण हुकूम एकाचाच चालावा. चौघेही सूचना देऊ लागले की कोणाचे तरी बोट चौकटीत सापडते. फरशीवर पायांखाली बारदान्याची घडी घालून कपाट खालच्या बाजूने ढकलावे, कारण वर जोर दिल्यास ते कलंडते. सारवलेल्या जमिनीत पाय रुततात, म्हणून तेथे फळ्या अंथरून त्यांवर लोखंडी पाइपचे तुकडे ठेवावेत. मागे सुटलेला पाइप उचलून पुन्हा पुढे घालण्यासाठी एक माणूस मोकळा असावा. उंबरठ्यावर दोन्ही बाजूंनी फळीचा उतार करावा. सब्बल (पहार) वापरायची असल्यास टोकाला पोते गुंडाळावे, नाहीतर पत्रा दबतो. पायऱ्यांवर खालच्या माणसावर जास्त भार येतो, म्हणून दोन दणकट माणसे खाली ठेवावीत.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्याचा थर देऊन कपाट पाठीवर, दारे वर ठेवून निजवावे आणि दोन ठिकाणी दोराने बांधावे. उभे नेलेले कपाट गल्लीतील लोंबत्या विजेच्या तारांना लागू शकते, हा धोका किरकोळ नाही. कपाटावर कोणाला बसवू नये, मग वाट शेजारच्या वस्तीपर्यंतचीच का असेना.

नव्या खोलीत कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून दोन-तीन इंच दूर ठेवावे. दार घासत असेल तर दोष बहुधा दाराचा नसतो, जमीन समपातळीत नसते. एकेका पायाखाली पत्र्याचा पातळ तुकडा सारून दार उघडून-लावून पाहावे. पुढील पाय मागच्यांपेक्षा किंचित उंच राहिले, तर दोन्ही दारे उघडल्यावर कपाट पुढे झुकत नाही. सामान भरताना जड वस्तू आधी खालच्या कप्प्यात ठेवाव्यात.