पोटरीला हात लावण्याआधी

धानाच्या रोवणीचे दिवस म्हणजे आमच्याकडे कंबरेचे दिवस. बाया सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरतात त्या दिवस मावळायला वर येतात. दिवसभर कंबरेतून वाकलेल्या, पाय चिखलात, वरून पाऊस. आठ दिवस झाले की माझ्या ओसरीवर गर्दी सुरू. कुणाची कंबर धरली, कुणाला चमक भरली, कुणाची शीर चढली. आणि दरवर्षी याच दिवसांत एखादी पोरगी हळूच विचारते, "ताई, मले शिकवशील का? किती दिवसात येते हे?" हात सहा महिन्यांत तयार होतो. बाकीचं यायला मला दुसऱ्याचा एक पोरगा जवळजवळ गमवावा लागला, म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर ब्रह्मपुरी तालुक्यात, सासर वैनगंगा ओलांडून आरमोरी तालुक्यात. आजी सुईण. बाळंतिणी, तान्ही बाळं, लचकलेले पाय, सगळं तिच्याकडे. उसण भरली की लोक आधी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधून कंबरेला त्याचा पाय लावून घ्यायचे, आणि तेवढ्यानं भागलं नाही की आजीकडे यायचे. तिच्याबरोबर फिरता फिरता माझा हात बसला. लग्नाआधी नागपूरला सहा महिन्यांचा कोर्सही केला. तिथे भिंतीवर स्नायूंचा मोठा तक्ता होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. पण सराव कुणावर? एकमेकींवर. वीस-बावीस वर्षांच्या धडधाकट पोरी, दुखणं कुणालाच नाही. सहा महिन्यांत एकही आजारी माणूस आमच्या हाताखाली आला नाही, आणि हे विचित्र आहे असं तेव्हा कुणाला वाटलंही नाही.

तेल पसरवणं, मळणं, आडवी रगड, थोपटणं हे तुम्हाला माहीत असेलच. लांब हात पायाकडून वर, म्हणजे हृदयाच्या दिशेनं, हेही. जे कुणी सांगत नाही ते सांगते. पहिल्या वर्षी मी सगळं अंगठ्यानं दाबलं. दिवाळीपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की बरणीचं झाकण उघडेना. अंगठा शोधायला ठेवा, दाबायला मनगटाकडचा तळवा आणि कोपराखालचा हात वापरा. जोर खांद्यातून काढू नका. पाय पुढे-मागे ठेवून अंगाचा भार त्या हातावर सोडा. पेशंटला बाजेवर झोपवू नका. बाज झोळते, तुमचा अर्धा जोर सुंभ खातो आणि पेशंटची कंबर आणखी वाकडी. तख्त घ्या. त्याच्या शेजारी उभं राहून हात सोडून मूठ वळली की मूठ फळीला टेकली पाहिजे, एवढी उंची बरोबर.

तेलावरून लोक भांडतात. कुणाला टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, कुणाला जवसाचं, कुणाला तिळाचं. माझ्या मते तेलाचं मुख्य काम हात सरकवणं. दीडशे रुपयांच्या बाटलीत जडीबुटी घालून "नसा मोकळ्या" करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण विकतही घेत नाही.

रोवणीची कंबर दुखते म्हणून कंबरच रगडत बसू नका. कुशीवर झोपवा. आमच्याकडच्या बाया पदर-लुगडं सोडत नाहीत आणि सोडायची गरजही नाही. कमरेच्या हाडाच्या खाली, कुल्ल्याच्या बाजूला बोटं ठेवून सावकाश शोधा. एखादी दोरीसारखी ताठ जागा लागेल. तिथे भार दिला की बाई स्वतःच म्हणते, "हां, हेच तिथं वर दुखते." मग हलवायचं नाही. पंचवीस-तीस सेकंद तसाच भार ठेवायचा, हाताखाली जरा मऊ झालं की सोडायचं, मग मांडीची मागची बाजू. ती "जोरात चोळ" म्हणेलच. आमच्या भागात मालिश दुखलं नाही तर पैसे वाया गेले असं समजतात. तिच्या तोंडाकडे पाहू नका, पायाच्या बोटांकडे पाहा. बोटं आवळली किंवा श्वास थांबला की जोर जास्त झाला. मणक्याच्या हाडावर, गुडघ्यामागच्या खळग्यात आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब कधीच नाही. आणि मानेला झटका देऊन कडकन आवाज काढणं, जे मोबाईलवर रोज दिसतं, ते माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरीनं केलं तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवते. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, झटक्यानं त्या आतून फाटू शकतात. यावर माझ्याशी चर्चा करू नये.

आता ते पोरगं.

सासरी येऊन दुसरा पावसाळा होता. आमच्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, एका घरून संध्याकाळी निरोप आला. तेरा वर्षांचा मुलगा, नडग्या आणि मांड्या दुखतात म्हणून तळमळतो. दिवसभर भिजत आईबापासोबत बांधीत होता, धड पाणीही प्यायला नव्हता. मला वाटलं, दमलाय. मी तेल कोमट केलं, पोटऱ्या मळल्या, मांड्यांवर लांब हात फिरवले. अर्ध्या तासात पोरगं झोपलं. माऊलीनं माझ्या हातात लाखोळीची डाळ ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा निरोप. पुन्हा चोळलं, पुन्हा झोपलं. डोळे जरा पिवळे दिसले होते, पण घरात पिवळा बल्ब. तिसऱ्या दिवशीही तेच. खरं सांगायचं तर मला मनातून बरं वाटत होतं. नवी सून, परकं गाव, आणि लोक म्हणतात हिच्या हाताला गुण आहे.

चौथ्या दिवशी पहाटे त्याला ताप चढला, छातीत दुखायला लागलं, धाप. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात. रक्त तपासलं, सिकलसेल निघाला. एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडूनही आलेला. सळईसारखी कडक झालेली, कोयत्याच्या आकाराची रक्तपेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, हाडाला प्राणवायू पोचत नाही, म्हणून ते हाड दुखतं. थंडी, पाण्याची कमतरता, अतिश्रम यांनी हे उसळतं, आणि त्या पोराच्या वाट्याला तिन्ही एकाच दिवशी आले होते. पुढे तेच छातीत झालं. पोरगं वाचलं. आता मोठं झालंय, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेतं, पाण्याची बाटली सोबत ठेवतं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मालिशनं हे झालेलं नाही. तेवढ्यावर मी सुटले असते. पण त्याची आई सहज बोलली, रागानं नाही, "तुह्या हातानं त्याले झोप लागत होती, म्हणून आमी थांबलो."

हे वाक्य नीट वाचा, कारण शिकणाऱ्या प्रत्येकीचा पाय इथेच घसरतो. मी त्याला इजा केली नाही. मी त्याला आराम दिला, आणि त्या आरामानं तीन दिवस खाल्ले. कोमट तेल, मायेचा हात, एका जागी शांत पडून राहणं, यानं जवळजवळ कुठल्याही दुखण्यात घटकाभर बरं वाटतं. स्नायू आखडला असेल तरी, हाड आतून उपाशी असेल तरी, मणक्यात गाठ असेल तरी. म्हणून आराम पडला यावरून दुखणं काय होतं ते कळत नाही. कोर्समध्ये आम्हाला उलटं शिकवलं: आराम पडला की तुमचं तंत्र बरोबर. निरोगी पोरींवर सराव केला की असंच वाटणार. मी आज आरामापेक्षा त्याच्या मुदतीकडे पाहते. स्नायूचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कमी होत जातं, वाकताना-उठताना फरक दिसतो. रोज सूर्य मावळला की तेवढंच दुखणं हजर होत असेल, तर तिसरी खेप करायचीच नाही. दवाखाना. त्यांना राग आला तरी.

पुढे कळलं, त्याच घरातली एक मुलगी लहानपणीच "पिवळी होऊन" गेली होती. गावात सगळ्यांना माहीत. मला नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

आणि मग आजी आठवली. ती कुणाच्या घरी गेली की लगेच हात लावायची नाही. बसायची, चहा घ्यायची, सुपारी कातरत राहायची. थोरलीला दिवस गेले का, सासऱ्याचं डोळ्याचं काय झालं, तो ताप उतरला का. मला तेव्हा तो वेळकाढूपणा वाटायचा, मी तेलाची वाटी घेऊन ताटकळत बसायचे. तीच तिची तपासणी होती. चाळीस वर्षं त्याच गावात राहून प्रत्येक घरातलं दुखणं तिला तोंडपाठ, म्हणून तिला प्रश्न प्रश्नासारखे विचारावेच लागत नसत. मी तिचे हात घेऊन नदीपलीकडे आले. तिचं गाव काही माझ्यासोबत आलं नाही.

त्यामुळे आता वही. विचारल्याशिवाय हात नाही. दुखणं कधीपासून, पडलात का, ताप आहे का, वजन उतरलं का, रात्री झोपेतून उठवतं का. कॅन्सर झाला होता का, संधिवाताच्या किंवा दम्याच्या स्टेरॉइड गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत का, कारण मग हाडं ठिसूळ असतात आणि तुमचा कोपर बरगडी मोडू शकतो. लघवी अडते का, बसायच्या जागेला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का. या शेवटच्या प्रश्नाला लाजू नका. याचं उत्तर हो आलं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना, उद्या नाही. अंगावर बधिर चट्टा दिसला तर शेकायचं नाही, चटका बसलेला त्याला कळणार नाही. आरोग्य केंद्रात पाठवा, तो कुष्ठरोग असू शकतो आणि औषध फुकट मिळतं.

आणि घरात कुणाला सिकलसेल आहे का, कार्ड आहे का. हा फक्त आदिवासींचा आजार, हा समज काढून टाका, विदर्भात तो इतर अनेक समाजांतही आहे. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, तपासणी होते, आशाताईंना विचारा. ज्याला आहे त्याला बर्फ लावायचा नाही, आणि दुखणं उसळलेलं असताना मालिशची वाट पाहायची नाही.

पोटरीवर मी सगळ्यात जास्त थांबते. "गोळा आला" म्हणून लोक पोटरीच पुढे करतात. एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी असेल तर हात मागे घ्या. आत रक्ताची गुठळी असेल आणि तुम्ही मळलीत, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ऑपरेशननंतर, बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यानंतर, आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका जास्त. म्हणजे शेक-मालिशचे नेमके तेच दिवस! आजी बाळंतिणीच्या दोन्ही पोटऱ्या आधी शेजारी शेजारी धरून बघायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि फवारणीवरून आलेला माणूस असेल, घाम सुटलाय, तोंडाला लाळ, पोटरीचे स्नायू आपोआप फडफडताहेत, तर तो थकवा नव्हे. 2017 साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली ती आठवा. कपडे उतरवा, हातात मोजे घालून अंग साबणानं धुवा आणि गाडी बोलवा. त्या अंगावर तेल चोळू नका.

हे वाचून घाबरला असाल. मीही त्यानंतर चार महिने कुणाला हात लावला नव्हता. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी नुसत्या वाकून वाकून दमलेल्या असतात आणि त्यांना तुमच्या हाताची खरंच गरज आहे. कंबरदुखीवर मालिशचा आराम फार दिवस टिकत नाही. पण रोवणीच्या दिवसांत चार रात्रींची झोपही काही थोडी नाही.

तीन दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्या शिबिरांना पैसे देऊ नका. सर्टिफिकेट भिंतीवर लागतं, पेशंट विचारतही नाही. त्याऐवजी गावातली एखादी म्हातारी धरा, वर्षभर तिची तेलाची वाटी उचला. पण तिच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवू नका. माझी आजी मोडलेलं हाडही चोळायची. एखाद्या फिजिओथेरपिस्टची ओळख ठेवा. त्यांचा चार-पाच वर्षांचा अभ्यास असतो, आपला नाही, म्हणून नावामागे "डॉ." लावायचा मोह टाळा. पैसे म्हणाल तर चांगल्या महिन्यात सात-आठ हजार, वाईट महिन्यात धान. पुरुष पेशंट घरी एकट्यानं घेऊ नका, सासू किंवा कुणी बाई ओसरीवर असू द्या. "लोकांचे पाय चेपते" असं नातेवाईक म्हणतीलच. माझ्या सासऱ्यांनी एकदा परस्पर उत्तर दिलं, की सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींचं मालिश स्वतःच्या हातानं करत, मग माझ्या सुनेला काय झालं? नंतर तो विषय घरात निघाला नाही.

यंदा दोन पोरी शिकतात. परवा एकीनं पहिल्यांदा एकटीनं पेशंट घेतली, टोल्यावरची एक आजीबाई. पोरगी वही उघडून बसली. ताप, वजन, रात्रीचं दुखणं, गोळ्या, घरात कोण कोण आजारी. आजीबाई लुगडं सावरून तख्तावर पालथी पडली होती, ती मान वळवून म्हणाली, "चोळतेस का जनगणना करतेस वो बाई?" मी आतून ऐकत होते, हसू दाबलं. पोरगी हसली नाही. तिनं पेन्सिल ओली केली आणि विचारलं, "आजी, पोटरी आधी कोणती दुखली, डावी का उजवी?"