२ लाख १० हजार चाललेली थार घेऊ का? भाऊ, आधी तिच्याखाली झोप

माझा एक मावसभाऊ आहे, यवतमाळकडं कास्तकारी करते, त्यानं परवा फोन केला की जुनी सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनची) महिंद्रा थार मिळून राहिली, पण २ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे, घेऊ का. मी म्हटलं किती चालली ते राहू दे, कुठं चालली ते सांग. नागपूर-अमरावती हायवेवर २ लाख चाललेली गाडी मी घेईन, पण ७० हजारच चालली अन् ते सगळे नाल्यातून, पांदणीतून, गाऱ्यातून गेले तर दहा वेळा विचार करीन. अन् मीटर तं मागे पण करता येते. ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हरची सीट बसलेली अन् मीटर सांगते ६० हजार, तर तिथूनच राम राम करायचा.

जायच्या आधी फोन करून सांगायचं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिले बोनेटवर हात ठेवायचा, गरम लागलं तर आधीच स्टार्ट करून ठेवली, काहून ते विचारा. (मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात उभी गाडी तशीच तापते, म्हणून सकाळी सातलाच जा.) थंड इंजिन किती सेल्फमध्ये उचलते ते पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळून राहिलं, पांढरा धूर गरम झाल्यावरही जात नसेल अन् रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) संशय घ्या. जुन्या डिझेलनं रेस दिल्यावर थोडा काळा धूर सोडला तर एवढं घाबरायचं नाही. मग इंजिन चालू असतानाच ऑइल टाकायचं झाकण उघडून तिथंच उलटं ठेवायचं, थोडी वाफ चालते, पण झाकण जोरात नाचायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्याचा संशय घ्या, इंजिनचं काम निघू शकते.

आता खरं काम. सोबत एक बोरी अन् टॉर्च न्या अन् गाडीखाली झोपा, कपड्याची काळजी असेल तर अशी गाडी घेऊच नका. आपल्याकडं समुद्र नाही म्हणून गंज नाही असं लोक समजतात, पण काळी माती चेसिसच्या पोकळीत भरून बसते, पाणी जायची भोकं बुजतात अन् ओल महिना महिना आतच राहते, मग लोखंड आतून खाल्लं जाते. मी पहिली जीप घेतली तेव्हा खालून मस्त नवं काळं अंडरकोटिंग पाहून खूश झालो होतो बापा, विकणारा पण म्हणे एकदम जपलेली गाडी. दोन महिन्यात मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ तेच कोटिंग फुगलं, पान्ह्यानं खरवडलं तं खाली वेल्डिंगची पट्टी अन् पट्टीमागं पापडासारखी चेसिस. तेव्हापासून नवीन कोटिंग दिसलं की मी त्याच जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकतो, टण वाजलं तर ठीक, भद वाजलं तर घरी. चेसिसवर पंच केलेला नंबर आरसीशी जुळवा, तो पण तिथंच पडल्या पडल्या.

फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) लावून डांबरी रोडवर वळवून पाहायचं नाही. या जुन्या गाड्यांना मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळं फिरू देणारा गिअर) नाही, वळताना पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत अन् सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर) येतो. वावरात न्या. आधी ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग), मग थांबून न्यूट्रलमध्ये ४एल (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त), रेस सोडल्यावर लिव्हर आपोआप बाहेर आली तर सौदा तिथंच सोडा. पूर्ण स्टेअरिंग तोडून सावकाश गोल फिरवताना पुढून कट-कट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला जोर नेणारा सांधा) गेला. इंजिन बंद करून प्रॉपेलर शाफ्ट हातानं हलवून क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्याचा) ढिलेपणा पाहा. अन् मालक हो म्हणत असेल तर हौजिंगचा (एक्सलमधल्या गिअरच्या पेटीचा) ऑइल भरायचा बोल्ट काढून बोट बुडवा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर नाल्याचं पाणी आत गेलं आहे, चमचम भुकटी असेल तर आतले गिअर (क्राउन-पिनियन) घासून राहिले.

जंगल सफारीतली जिप्सी असेल तर धूळ लक्षात घ्या, एअर फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर त्या धुळीनं इंजिन घासते. पिवळी पाटी (भाड्याच्या गाडीची) असेल तर ती खासगी करून घ्यायचा खर्च वेगळा.

कागदात जास्त बोलत नाही. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची, नंतर ५-५ वर्षांनी फिटनेस करून रिन्यू, अन् पर्यावरण कर लागते तो वेगळा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. छिंदवाडा किंवा राजनांदगावकडची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी अन् इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई संपते.

क्लच, टायर, पाट्याचे बुश, हे सगळं घासायचंच, तेवढे पैसे भावातून कापा. चेसिस अन् ट्रान्सफर केसवर तडजोड नाही.

रविवारी ती थार पाहून आलो. चेसिस टण वाजली, झाकण शांत बसलं, पण पुढच्या हौजिंगचं ऑइल चहा. मालक म्हणते वॉशिंगचं पाणी असेल. मी म्हटलं असेल, पण सील अन् बेअरिंगचे पैसे तुमच्याकडून. सध्या १५ हजार रुपयांवर सौदा अडून बसला आहे.