बाहेर लावलेल्या विजेच्या डब्यात केबलच्या भोकातून पाणी शिरू नये म्हणून काय करायचं

डब्यावर आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, तुम्ही भोक पाडलं की तो आकडा संपला. आमच्या गोव्यात डिचोलीकडे जून ते सप्टेंबर पाऊस आडवा मारतो, आणि पाणी शिरतं ते केबलच्या वाटेनंच.

भोक तळाला पाडा, वरून कधीच नको. केबल ग्लँड (केबलभोवती आवळून भोक बंद करणारा जोड) बसवताना वॉशर बाहेरून, नट आतून, झालं.

खरी गोची ग्लँडच्या मापात आहे. पीजी ७ मापाच्या ग्लँडमध्ये साधारण ३ ते साडेसहा मिमीची गोल केबल बसते, त्यामुळे आधी केबल मोजा आणि मगच ग्लँड आणा. एका ग्लँडमधून दोन केबल घालू नका, दोघींच्या मधे फट राहतेच, कितीही आवळा. कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) बावीवरच्या पंपाची चपटी केबल मी गोल ग्लँडमधून घेतली होती आणि वरून सिलिकॉन थापलं होतं. गणेशचवथीला डबा उघडला तर तळाला बोटभर पाणी, टर्मिनल हिरवीगार! चपट्या केबलला चपट्या भोकाचं रबर मिळतं, तेच घाला. आणि दुकानदार ‘सिलिकॉन मारा, काही होत नाही’ म्हणाला तरी ऐकू नका, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरवालं, म्हणजे तो आंबट वास नसणारं, मागा.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. उन्हात डबा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, मग एकदम सर आली की डबा गार होतो आणि आतून ओढ बसते, केसाएवढी फट असली तरी त्यातून पाणी खेचलं जातं. म्हणून तळाला एक व्हेंट प्लग (हवा जाऊ देणारं पण पाणी अडवणारं बूच) हवाच. नाही मिळाला तर सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ३ मिमीचं भोक पाडून आतून बारीक जाळी चिकटवा, नाहीतर मुंग्या घर करतात.

केबलला डब्याखाली झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतो.

वीज जोडण्याआधी आत टिश्यू ठेवून झाकण लावा, डबा तासभर उन्हात तापवा, मग नळीनं पाच मिनिटं पाणी मारा. तापवल्याशिवाय मारलेलं पाणी काहीच सांगत नाही. टिश्यू कोरडा निघाला तरच वायरी जोडा.