मस्टँग की कॅमेरो : सोलापुरात पारखताना आधी पाणी, मग इंजिन

१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग आणि १९६७ ची शेव्हरोले कॅमेरो. दोन्ही जुन्या अमेरिकन कूपे, म्हणजे दोन दारांच्या गाड्या, दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १०८ इंच, दोन्हींत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन मिळतं. त्यामुळे तुलना हॉर्सपॉवरवरच अडकते. झिजलेलं इंजिन बोअर करून (सिलिंडर आतून कोरून) घेता येतं, कुजलेला पत्रा मात्र गाडी उघडल्यावरच कळतो आणि खर्चही त्याचाच जास्त. सोलापूरची हवा कोरडी आहे, पण गाडीनं आधीची वर्षं कुठं काढली ते पाहा.

आधी चासी नंबर. मस्टँगचा बॉनेटखाली डाव्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्यातला ०७ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या टपाची), 'सी' आणि 'ए' म्हणजे २८९ घन इंची व्ही-८, 'टी' म्हणजे सहा सिलिंडर. 'टी' असून समोर व्ही-८ दिसलं तर इंजिन बदललेलं. १९६७ च्या कॅमेरोचा नंबर ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असतो, त्याची सुरुवात बघा : १२४३७ व्ही-८ कूपे, १२३३७ सहा सिलिंडर. हे महत्त्वाचं, कारण २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांपुढच्या गाडीची चासी, बॉडी, इंजिन मूळ हवं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

मस्टँगची खरी परीक्षा वायपरपुढच्या जाळीत. दोन-तीन लिटर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्याला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली बघायला सांगा. पाणी पुढच्या चाकांच्या मागं, बाहेर पडायला हवं. आत टपकलं तर जाळीखालचा पत्रा गंजलाय. वरून सिलिकॉन फासणं टिकत नाही. स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) ड्रिल करून वरचा पत्रा काढावाच लागतो. त्याच पाण्यानं पुढची फ्लोअरही सडते, म्हणून कार्पेट उचलल्याशिवाय भाव बोलू नका. बॉनेटखाली शॉक टॉवरला (पुढचे शॉक ॲब्सॉर्बर धरणाऱ्या पत्र्याला), सस्पेन्शनच्या वरच्या आर्मजवळ तडे शोधा.

कॅमेरोत पाणी मागच्या काचेच्या खालच्या खाचेतून डिकीत उतरतं. डिकीची मॅट उचला. पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारा सांगाडा) बोल्टनं जोडलेला असतो. त्याची रबरं दबली की पुढचा भाग खाली येतो आणि दाराजवळच्या फटी बिघडतात. १९६७ ला मागं दर बाजूला स्प्रिंगचा एकच पाटा, म्हणून जोरात वेग घेताना चाक उड्या मारतं. एकाहून जास्त पाट्यांची जोडी बसवा, पण ट्रकचे जाड पाटे नकोत, गाडी दगडासारखी होते.

मस्टँगचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) पुढं, हाताशी. कॅमेरोचा मागं, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटून, पण त्याच्या टोपणाला खिडकी असते : इंजिन चालू ठेवून १/८ इंची ॲलन कीनं ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ३० अंशांवर आणता येतो. पाने इंचीच घ्या, मिलिमीटरचे नट खातात.

कामाला कॅमेरो मोकळी, तरी जाळीखाली कोरडी मस्टँग मिळाली तर आम्ही तीच घेऊ.

शेवटची चाचणी एप्रिल-मेच्या दुपारी, पारा चाळिशीपार असताना. होटगी रोडला २० मिनिटं चालवा, बंद करा, १५ मिनिटांनी सुरू करा. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिन फ्लड झालं (आत जादा पेट्रोल गेलं) असेल तर ॲक्सिलरेटर पंप करू नका, पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर द्या. पेट्रोलची जुनी रबरी नळी इथेनॉलनं फुगते, ती आधीच बदला.